नाव नसलेली घोडी आणि तिच्या मैत्रिणी
(रेडिओवर झालेल्या भाषणाचं लेखी रूप)

शेळ्या, कोंबड्या, बचतीचा हिशेब हे सगळं आज घटकाभर बाजूला ठेवू. आज आम्ही तुम्हाला घोड्यांच्या गोष्टी सांगणार आहोत. त्यातही जास्त करून घोड्यांच्या नव्हे, घोड्यांच्या आयांच्या, म्हणजे घोडींच्या. या गोष्टी दूर अमेरिकेतल्या आहेत, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या आहेत. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपल्या गावातली, कदाचित आपल्या घरातलीच माणसं आठवतील.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचं महालक्ष्मी किंवा पुण्याचं रेसकोर्स येतं. पाठीवर जॉकी बसलेला आणि घोडा जिवाच्या आकांताने धावतोय. आज आपण ज्या शर्यतीबद्दल बोलतोय ती तशी नाही. यात घोडा दोन चाकांच्या एका अगदी हलक्या गाडीला जुंपलेला असतो. त्या गाडीला सल्की म्हणतात. त्यावर एक माणूस पाय पसरून बसतो आणि लगाम हातात धरून घोडा हाकतो. आपल्याकडच्या शंकरपटात हलक्या गाडीला बैलजोडी जुंपतात, तसंच काहीसं.

पण एक मोठा फरक आहे. या शर्यतीत घोड्याने चौखूर उधळायचं नाही. त्याने दुडक्या चालीनेच पळायचं. दुडकी चाल म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. टप टप, टप टप. याच शर्यतींचा दुसरा एक प्रकार आहे, त्यात एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलले जातात, मग दुसऱ्या बाजूचे. उंट चालताना पाहिला असेल तर ही चाल लगेच लक्षात येईल. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले ज्या रेवाल चालीचं कौतुक करतात, बसणाऱ्याला हिसका न देणारी, तीही याच्याच जवळची चाल.

शर्यत रंगात आली, घोडा तापला आणि चाल मोडून चौखूर धावू लागला, तर हाकणाऱ्याने त्याला ताबडतोब आवरायचं, पुन्हा चालीवर आणायचं. तोवर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे या खेळात नुसता वेग कामाचा नाही. अंगात वेग असूनही तो ताब्यात ठेवणं, हीच खरी परीक्षा.

आणि ही परीक्षा एकदाच नसे. जुन्या काळी एक मैलाची, म्हणजे सुमारे १६०० मीटरची, एक फेरी असे. पाचपैकी तीन फेऱ्या जो जिंकेल तो विजयी. मध्ये थोडी विश्रांती, अंग पुसणं, आणि पुन्हा जुंपणं. एका दुपारी चार-पाच मैल जीव तोडून पळायचं. त्यामुळे एका दमात जोर करणाऱ्यापेक्षा तग धरणारा प्राणी इथे मोठा ठरायचा.

हा खेळ आला कुठून? तो रस्त्यावरून आला. त्या काळी अमेरिकेत दूधवाला, खाटीक, डॉक्टर, शेतकरी या सगळ्यांकडे गाडीचा घोडा असे. रोजच्या कामाची चाल म्हणजे दुडकी चाल. रस्त्यात दोन गाड्या बरोबरीला आल्या की आपोआप चुरस लागायची. पाठीवर जॉकी घेऊन धावणारे उंची घोडे श्रीमंतांचे. पण दुडक्या चालीचा घोडा कोणाच्याही गोठ्यातून निघू शकत होता. म्हणून तर यातल्या काही मोठ्या घोडी खाटकाच्या गाडीला, नाहीतर गुरांच्या कळपामागे सापडल्या. पुढे यातही मोठा पैसा आला, पैजा आल्या, जुगार आला. तो भाग आम्ही चांगला म्हणणार नाही. आमचं लक्ष आज जनावरांवर आणि त्यांना घडवणाऱ्या माणसांवर आहे.

गाडी ओढणारी करडी घोडी

पहिली गोष्ट लेडी सफोकची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर १८३३ साली जन्मलेली करड्या रंगाची घोडी. लहानपणी ती मालाची गाडी ओढायची असं सांगतात. डेव्हिड ब्रायन नावाच्या माणसाने तिला ओढताना पाहिलं आणि सव्वाशे डॉलरपेक्षाही कमी किमतीत घेऊन टाकलं. १८३८ साली ती पहिली शर्यत जिंकली. बक्षीस होतं फक्त ११ डॉलर.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं ती पळत राहिली. दीडशेच्या वर शर्यती. कधी गाडीला, कधी पाठीवर माणूस घेऊन, कधी एक मैल, कधी दोन, कधी तीन. एका गावाहून दुसऱ्या गावाला. १८४५ साली न्यू जर्सीतल्या होबोकनला तिने एक मैल २ मिनिटं २९.५ सेकंदांत कापला. अडीच मिनिटांच्या आत दुडक्या चालीने मैल कापणारी ती पहिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

हा अडीच मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा. कारण पुढे १८७९ साली अमेरिकेतल्या पैदासकारांनी ठरवलं की या घोड्यांची वेगळी जात मानायची आणि तिची वही ठेवायची. वहीत नाव घालायला कसोटी काय? तर अडीच मिनिटांत एक मैल. या ठरलेल्या मापावरून, म्हणजे 'स्टँडर्ड'वरून, त्या जातीचं नाव पडलं स्टँडर्डब्रेड. लेडी सफोकने चौतीस वर्षांपूर्वी एकटीने जे करून दाखवलं, तेच पुढे सगळ्या जातीचं माप ठरलं.

पण तिच्या वाट्याला काय आलं? मालकाचा संसार तिच्या जिवावर चालला आणि तो तिला पळवत राहिला. विश्रांती कमी, शर्यती जास्त. त्या काळच्या जाणकारांनीही लिहून ठेवलं की अधिक समजूतदार हातात ती असती तर याहून मोठं काही करून गेली असती. कमावत्या जिवाला घरात आराम कमी मिळतो, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

आखूड शेपटीची आणि दांडगट

दुसरी फ्लोरा टेंपल. १८४५ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेली. अंगाने लहानखुरी, तिची शेपटीही कापून आखूड केलेली. स्वभाव तापट. एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेली. शेवटी गुरं विकायला नेणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडीमागे बांधून ती चालली होती. वाटेत एकाची नजर तिच्यावर पडली आणि त्याने तिला १७५ डॉलरला घेतलं. हीच घोडी १८५९ साली मिशिगनमधल्या कलामझू गावी एक मैल २ मिनिटं १९.७५ सेकंदांत पळाली. २ मिनिटं २० सेकंदांच्या आत येणारी ती पहिली. त्या वेळी तिचंही वय चौदा.

तिसरी गोल्डस्मिथ मेड. ही १८५७ साली न्यू जर्सीतल्या एका शेतावर जन्मली. नांगराला लावावं तर लागेना, गाडीला जुंपावं तर लाथा झाडी. घरच्यांच्या दृष्टीने बिनकामाची. आठ वर्षांची होईपर्यंत तिचं शिक्षण असं झालंच नाही. मग अल्डेन गोल्डस्मिथ नावाच्या माणसाने ६५० डॉलर देऊन तिला घेतलं आणि धीराने वळण लावायला सुरुवात केली. पुढे ती बड डोबल या हाकणाऱ्याच्या हातात आली. त्याने तिला मारून नव्हे, ओळखून हाकलं. ती कधी भडकते, कधी शांत होते, शर्यत सुरू होताना तिला कुठे उभं करायचं, हे सगळं त्याने ध्यानात घेतलं.

१८७४ साली बॉस्टनजवळ तिने एक मैल २ मिनिटं १४ सेकंदांत कापला. वय सतरा! विसाव्या वर्षापर्यंत ती शर्यतीत होती. आयुष्यात तिने साडेतीन लाखांहून जास्त डॉलर मिळवले. त्या काळात ही रक्कम कोणी ऐकलीही नव्हती. आगगाडीच्या डब्यातून ती देशभर हिंडली. बरोबर तिचा मोतद्दार असे, त्याला सगळे 'ओल्ड चार्ली' म्हणत, आणि एक छोटा कुत्रा. हे तिघं एकमेकांशिवाय राहत नसत. घोडीचे आणि तिच्या हाकणाऱ्याचे फोटो निघाले, चित्रं छापली गेली. पण रात्री तिच्या पायांना मालीश करणारा, तिच्या शेजारी झोपणारा, तिने दाणा टाकला तर सगळ्यांत आधी ओळखणारा तो म्हातारा चार्ली. त्याच्याबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही.

या तिघींचं एक साम्य लक्षात आलं का? तिघींनी आपला मोठा पराक्रम पोक्त वयात केला. बारा, चौदा आणि सतरा. घोड्याच्या हिशेबाने सतरा म्हणजे चांगलंच वय झालं. आणि सुरुवातीला तिघींनाही कोणी मोजलं नव्हतं.

लंगडी आई

आता जी गोष्ट सांगतोय ती सगळ्यांत महत्त्वाची. न्यूयॉर्क राज्यात ऑरेंज परगण्यात शुगर लोफ नावाचं गाव आहे. तिथे जोनास सीली नावाच्या शेतकऱ्याकडे एक घोडी होती. एका अपघातात ती लंगडी झालेली. तिच्या आधीच्या मालकाचं नाव चार्ल्स केंट, म्हणून तिला म्हणायचे चार्ल्स केंटची घोडी. बस, एवढंच. तिला स्वतःचं नाव नाही. तिच्या आईला निदान 'वन आय' म्हणजे एकडोळी असं म्हणत. आजीला 'सिल्व्हरटेल', म्हणजे रुपेरी शेपटीची. हिला मात्र मालकाच्या नावाने ओळखायचं.

५ मे १८४९ रोजी या लंगड्या घोडीला एक शिंगरू झालं. सीलीच्या शेतावर विल्यम रिस्डिक नावाचा गडी कामाला होता. त्याचा त्या शिंगरावर जीव जडला. त्याने मालकाकडे मागणी घातली. मालकाने लंगडी घोडी आणि तिचं शिंगरू अशा दोघांचे मिळून १२५ डॉलर सांगितले. शेतगड्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. तरी त्याने व्यवहार केला.

त्या शिंगराचं नाव हॅम्बलटोनियन. त्याने स्वतः शर्यती गाजवल्या नाहीत. पण पैदाशीचा घोडा म्हणून त्याचं नाव असं झालं की सुरुवातीला थोडक्या डॉलरांत मिळणारा त्याचा फळणीचा दर पुढे ५०० डॉलरवर गेला. त्याची १३३१ शिंगरं झाली. कालचा शेतगडी रिस्डिक श्रीमंत झाला. आज अमेरिकेत दुडक्या चालीच्या शर्यतीत पळणारा जवळजवळ प्रत्येक घोडा आपलं मूळ या हॅम्बलटोनियनपर्यंत नेतो. त्याच्या नावाने १९२६ सालापासून तिथली सगळ्यांत मानाची शर्यत भरते. त्याचं लाल दगडाचं स्मारक चेस्टर गावी उभं आहे. जवळच गोशेन गावात या खेळाचं संग्रहालय आहे.

आणि आई? तिचा उल्लेख वंशावळीच्या कागदात होतो तो 'चार्ल्स केंटची घोडी' असाच. अख्ख्या जातीची पणजी, पण कागदावर तिचं नाव नाही, तिच्या एका जुन्या मालकाचं आहे.

मैत्रिणींनो, हे ऐकून आमच्या मनात आलं ते तुमच्याही मनात आलं असेल. अमक्याची आई, तमक्याची बायको, फलाण्याच्या घरची. आपल्यापैकी किती जणींना गावात स्वतःच्या नावाने हाक मारतात? महाराष्ट्र सरकारने निर्णय केला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचं. म्हणजे आता कागदावर आई येते आहे. हे घोडीच्या बाबतीत कोणाला सुचलं नाही ते नाही, पण आपल्या लेकींच्या बाबतीत सुचलं, याचा आनंद आहे. तरीही कागद नीट बघा. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, घराचा उतारा, सातबारा. नाव आहे का, आणि बरोबर लिहिलंय का.

दुकानदाराने घेतलेली घोडी

अशीच दुसरी आई झेलिका. १८९४ साली इंडियाना राज्यात ऑक्सफर्ड या लहानशा गावी डॅन मेसनर नावाच्या दुकानदाराने लिलावात तिला २५५ डॉलरला घेतलं. ती शर्यतीला उपयोगाची नव्हती, तिचे पायही धड नव्हते. दुकानदाराला काय कळतंय घोड्यातलं, म्हणून लोक हसले. १८९६ साली तिला शिंगरू झालं, तर त्याचे पाय वाकडे. त्याला उभं राहता येईना. माणसांनी आधार देऊन त्याला आईच्या सडाला लावावं लागलं. पुन्हा लोक हसले.

गावात जॉन वॉटल्स नावाचा माणूस भाड्याच्या घोड्यांचा तबेला चालवायचा. त्याने त्या शिंगराला हाती धरलं. घाई केली नाही. दोन, तीन वर्षांच्या घोड्यांना लोक शर्यतीत उतरवत, याने चार वर्षांपर्यंत वाट पाहिली. घोड्याचा मागचा पाय पळताना बाहेर फेकला जायचा आणि गाडीच्या चाकाला लागायचा. मग त्याच्यासाठी रुंद गाडी करून घेतली. पायाला दोष देत बसायचं, की गाडी पायाजोगी करायची? वॉटल्सने दुसरा मार्ग घेतला.

हे शिंगरू म्हणजे डॅन पॅच. पुढे तो अमेरिकेतला सगळ्यांत नावाजलेला घोडा झाला. १९०२ साली तो ६०,००० डॉलरला विकला गेला. १९०५ साली त्याने १ मिनिट ५५.२५ सेकंदांत मैल कापला. त्याच्या नावाच्या वस्तू बाजारात विकल्या जात. घोड्याचं नाव घराघरात गेलं, नव्या श्रीमंत मालकाचं नाव झालं. झेलिका आणि तबेलेवाला वॉटल्स मात्र ऑक्सफर्ड गावापुरते राहिले. उभंही न राहू शकणाऱ्या शिंगराला आईजवळ धरून दूध पाजणारे ते हात कोणाचे होते, हे आता कुणी विचारतही नाही.

शिकवणारी माणसं

घोडा चांगला जन्मतो, पण घडतो शिकवणाऱ्याच्या हातात. या खेळातल्या शिकवणाऱ्यांचा पहिला मोठा गुरू हायरम वुडरफ. १८६७ साली तो वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्याने आयुष्यभराचा अनुभव सांगितला आहे. त्याचं सांगणं थोडक्यात असं की कोवळ्या जनावरावर ओझं टाकू नका. दुडक्या चालीचा घोडा उशिरा पिकतो. लवकर पळवला तर लवकर नाव होईल, पण लवकर संपेलही. प्रेमाने वागवा, चाल पक्की होऊ द्या, वेग मागाहून येतो. आपण वर ज्या पोक्त घोडी पाहिल्या त्या म्हणजे वुडरफच्या म्हणण्याचा पुरावाच.

दुसरं नाव बेन व्हाइटचं. हॅम्बलटोनियनच्या नावाची मानाची शर्यत त्याने चार वेळा जिंकली, पण आम्हाला त्यातली एकच सांगायची आहे. त्याचा तरुण मुलगा गिब्सन क्षयाने आजारी होता. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि धीर, एवढंच. मुलगा दवाखान्यात पडून. मनाने खचलेला. बापाने काय केलं? एक लहान शिंगी मुलाच्या नावावर करून दिली. तिचं नाव रोझलिंड. तू बरा हो, ती तुझी वाट बघतेय, असं तिने त्याला न बोलता सांगावं ही बापाची इच्छा.

बापाने तिला शिकवलं आणि मुलाने अंथरुणावरून तिची प्रगती ऐकली. १९३६ साली गोशेनला रोझलिंडने ती मानाची शर्यत जिंकली. बाप हाकत होता, घोडी मुलाची होती. मुलगा पुढे बरा झाला. घोडीमुळेच झाला असं आम्ही म्हणणार नाही, रोग घोडीने बरा होत नाही. पण आजारी माणसाला उद्याची वाट बघायला काहीतरी लागतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पुढे १९३८ साली रोझलिंडने १ मिनिट ५६.७५ सेकंदांत मैल कापला. त्याच काळात ग्रेहाउंड नावाचा करडा घोडा सगळ्यांत वेगवान होता, म्हणून आज त्याचं नाव जास्त ऐकू येतं. १९३९ साली दोघांना एकाच गाडीला जोडीने जुंपलं, तेव्हा त्यांनी १ मिनिट ५८.२५ सेकंदांत मैल कापला. जोडीने पळताना एकाची चाल दुसऱ्याच्या चालीला मिळाली पाहिजे. नुसत्या वेगवान घोड्याला हे जमत नाही.

शिकवणाऱ्यांच्या मागे आणखी एक माणूस असतो, नालबंद. दुडक्या चालीच्या घोड्याची चाल नालेच्या वजनावर खूप अवलंबून असते. पुढच्या पायाला नाल थोडी जड, थोडी हलकी केली की पाऊल उचलण्यात फरक पडतो. पाय एकमेकांना घासत असतील, चाल अडखळत असेल, तर आधी नाल बघतात. तोळ्या-तोळ्याचा हिशेब. एवढं बारीक काम करणाऱ्यांची नावं बक्षिसाच्या पाटीवर कधी आली नाहीत.

बाईने लगाम धरला तेव्हा

घोडी इतक्या मोठ्या झाल्या, पण हाकणाऱ्या बाया? न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहराजवळ न्यू ब्रायटन नावाचं ठिकाण आहे. तिथे इझाबेल बटन, सगळे तिला बेला म्हणत, घोडे शिकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात ती पुरुषांच्या बरोबरीने शर्यतीत उतरायची आणि जिंकायची. अवघड, बिथरलेले घोडे लोक तिच्याकडे आणून सोडत. १८९३ साली न्यूझीलंडने बायकांना मतदानाचा हक्क दिला, आणि देशपातळीवर तो देणारा तो जगातला पहिला देश. पण शर्यतीच्या मैदानावर मात्र उलटं झालं. बायकांनी शर्यतीत घोडा हाकू नये असा नियम आला. बेलाचा हात थांबला नाही, ती घोडे शिकवत राहिली. शर्यतीत मात्र दुसऱ्याने हाकायचे. बायकांना तिथे पुन्हा लगाम धरू द्यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

मत मिळालं म्हणजे सगळी दारं उघडली असं नसतं. ग्रामसभेत हात वर करता येतो, पण बैलबाजारात सौदा करायला बाई गेली तर लोक आजही वळून बघतात, हे आपल्याला माहीत आहे.

आकडे वाचताना

एक गोष्ट समजावून सांगायची राहिली. कोणाला मोठं म्हणायचं हे आपण आकड्यांवरून ठरवतो, पण आकडा कशात घेतला ते विचारायला हवं. मॉड एस नावाच्या घोडीने १८८५ साली क्लीव्हलंड शहरात २ मिनिटं ८.७५ सेकंदांत मैल कापला. तेव्हा सल्कीची चाकं उंच, लाकडी, खडखडणारी होती. १८९२ साली नवी गाडी आली. सायकलीसारखी लहान चाकं, आत हवा भरलेले टायर, चाकात छर्रे. त्याच वर्षी नॅन्सी हँक्स नावाच्या घोडीने २ मिनिटं ४ सेकंदांत मैल कापला. हाकणारा तोच, गोल्डस्मिथ मेडचा बड डोबल. मग १९०३ साली लू डिलन या घोडीने बॉस्टनजवळच्या रेडव्हिलला बरोबर दोन मिनिटांत मैल कापला. दुडक्या चालीने दोन मिनिटांवर पोचलेली ती पहिली, आणि तीही मादीच.

नॅन्सी हँक्स आणि लू डिलन थोर होत्या यात शंका नाही. पण मॉड एसला त्या हलक्या गाडीला जुंपलं असतं तर? तिचा आकडा कमी दिसतो कारण तिची गाडी जड होती. डोक्यावर हंडा घेऊन कोस चालत जाणाऱ्या बाईची आणि दारात नळ असलेल्या बाईची कामं एकाच घड्याळाने मोजली तर पहिली मंद दिसेल. ती मंद नसते. तिचं ओझं वेगळं असतं. गटात कोणाचा हप्ता उशिरा आला, कोणाची मुलगी अभ्यासात मागे पडली, तर आधी तिची गाडी कशी आहे ते बघा, मग आकडा वाचा.

आपण काय घेऊन जायचं

मैत्रिणींनो, लांबच्या देशातल्या या गोष्टींतून आम्ही काही गोष्टी गाठीला बांधल्या आहेत. बिनकामाचा म्हणून बाजूला टाकलेला जीव योग्य हाती पडला तर काय करू शकतो, हे एक. लवकर पिकवायच्या नादात कोवळ्या पोरांना दमवू नये, हे दुसरं. आणि तिसरं, ज्यांच्या हातांनी काम उभं राहतं त्यांची नावं घ्यावीत. आपल्या गटाच्या वार्षिक अहवालात अध्यक्ष, सचिव यांची नावं असतातच. पण पहिल्या वर्षी दारोदार फिरून बाया गोळा करणारी कोण होती? पावसात बँकेत जाऊन पासबुकं आणणारी कोण होती? हिशेब चुकला तेव्हा रात्री दिव्याखाली बसून तो जुळवणारी कोण होती?

पुढच्या बैठकीत हे करून बघा. एक कोरी वही घ्या. प्रत्येकीने एका अशा बाईचं नाव सांगायचं, जिच्यामुळे आपलं काही उभं राहिलं पण तिला कोणी विचारलं नाही. आजी असो, सुईण असो, शेजारीण असो, अंगणवाडीची ताई असो. नाव पूर्ण लिहायचं, तिचं स्वतःचं. 'अमक्याची आई' असं लिहायचं नाही. नाव माहीत नसेल तर तिच्या घरी जाऊन विचारून यायचं.

ज्या गटांना जमेल त्यांनी ती नावं आमच्याकडे कळवा. जिची नावं येतील तिला विचारून, तिची परवानगी घेऊन, ती आम्ही रेडिओवर वाचून दाखवू. केंटच्या घोडीचं नाव आता कोणी शोधून देऊ शकणार नाही. आपल्या गावातल्या बायांची नावं अजून विचारून घेता येतात. तेवढं करू या.